बापाचं मन, बाळाचं वजन: आपल्या दोन जिल्ह्यांचा न लिहिलेला इतिहास

ज्या गावाचं नावच मूल, तिथल्या डॉक्टरनं मुलांच्या आरोग्यावर लिहावं हे साहजिकच आहे. पण आजचा लेख मुलांवर असूनही मुलांपासून सुरू होत नाही. तो त्यांच्या बापांपासून सुरू होतो.

अंगणवाडीतून मिळणारं माता-बाल संरक्षण कार्ड आठवा. त्यावर आईचं वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लसी, लोहाच्या गोळ्या या सगळ्यांसाठी रकाने आहेत. बाळाच्या वजनाचा आलेख आहे. बापाच्या वाट्याला नावापलीकडे फारसं काही येत नाही. तो झोपतो का, पितो का, बाळाला मांडीवर घेतो का, गेल्या महिनाभरात कधी मोकळं हसला का, हे लिहायला तिथे जागा नाही.

आणि तरीही बाळाचं वजन का वाढत नाही याचं उत्तर पुष्कळदा याच न विचारलेल्या प्रश्नांत सापडतं. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या बायकांना हे डॉक्टरांच्या आधी कळलं होतं. त्यांनी ते मोर्च्यांतून सांगितलं. वैद्यकशास्त्राला ते आकड्यांत मांडायला बरीच वर्षं लागली. हा इतिहास कुठे एकत्र लिहिलेला नाही, म्हणून हा प्रयत्न.

शास्त्र बापाला कसं विसरलं

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात लाखो मुलं अनाथ आणि बेघर झाली होती. जागतिक आरोग्य संघटनेनं जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाला या मुलांच्या मनाचा अभ्यास करायला सांगितलं. त्याचा अहवाल १९५१ साली आला. अहवालाच्या शीर्षकातच आईचं संगोपन आणि मानसिक आरोग्य यांची जोडी होती. लहान मुलाला आईचा, किंवा आईच्या जागी असलेल्या एका माणसाचा, उबदार आणि सलग सहवास मिळाला नाही तर त्याच्या मनावर खोल परिणाम होतो, असं त्यानं मांडलं. बापाचं मुख्य काम काय, तर घर चालवणं आणि आईला आधार देणं.

या अहवालानं फार चांगली कामंही झाली. रुग्णालयात दाखल झालेल्या लहान मुलांना आईपासून तोडून ठेवण्याची पद्धत हळूहळू बदलली. पण दोन वाईट गोष्टीही घडल्या. मुलाचं काहीही बिघडलं की बोट आईकडे जाऊ लागलं, आणि बाप दाराबाहेरच राहिला. १९७५ साली मायकेल लॅम्ब या संशोधकानं एका लेखात बापांना मुलांच्या विकासातले विसरले गेलेले वाटेकरी म्हटलं, तेव्हा कुठे अभ्यासकांचं लक्ष तिकडे वळायला लागलं.

आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. १९३५ साली ते पुस्तक आलं, १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला, आणि मराठी घराघरांत आईची एक मूर्ती कायमची बसली. बापाची तशी मूर्ती आपण घडवली नाही. बाप म्हणजे कमावणारा, रागावणारा आणि जेवताना ज्याच्याशी कुणी बोलत नाही असा माणूस. त्याला काही होत असेल, त्याचं मन दुखत असेल, हे आपल्या गृहीतात नव्हतं. आणि मन दुखल्यावर तो जिथे जात होता ती जागा सगळ्यांना माहीत होती.

मोहाचं झाड आणि सरकारी दुकान

आपल्या भागात दारूचा इतिहास मोहाच्या झाडापासून सुरू होतो. गोंड आणि माडिया समाजात मोहाची दारू देवाला, पितरांना, लग्नात आणि मयतीला लागते. ती घरी गाळली जायची, ठरावीक प्रसंगी आणि चारचौघांत प्यायली जायची. तेव्हा कुणी जास्त पीतच नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण पिण्याला एक वेळ होती आणि आजूबाजूला समाजाचा डोळा होता.

१८५३ साली नागपूरचं राज्य खालसा झालं आणि आपला चांदा भाग इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला. त्यानंतर जंगल जसं सरकारी झालं, तशी दारूही सरकारी झाली. गाळण्याचे आणि विकण्याचे हक्क लिलावात ठेकेदाराला मिळू लागले, घरची भट्टी गुन्हा ठरली, आणि आबकारी हे सरकारच्या उत्पन्नाचं मोठं साधन बनलं. याचा परिणाम साधा होता. सणाला मिळणारी वस्तू रोज मिळू लागली, आणि ती विकण्यात कुणाचा तरी फायदा होता. मजुरी हातात आली की बाप दुकानात, आणि घरी चूल वाट पाहत.

स्वातंत्र्याच्या चळवळीनं दारूबंदी हा विषय हाती घेतला त्यामागे हे कारण होतं. आपल्या शेजारच्या सावलीला खादीचं मोठं केंद्र होतं. तिथे १९३६ साली गांधी सेवा संघाचं संमेलन भरलं आणि त्यासाठी गांधीजी स्वतः सावलीत राहिले. मूलहून गडचिरोलीला जाताना आपण आज जे सावली ओलांडतो, तेच हे.

त्याच वर्षी गांधीजींच्या घरातलं एक जुनं दुखणं पुन्हा देशासमोर उघडं पडलं. थोरला मुलगा हरिलाल आणि त्यांचं बिनसलेलं होतंच. हरिलालची पत्नी गुलाब १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत गेली. त्याची मुलं आजी आणि मावशीकडे वाढली. हरिलाल दारूत बुडत गेला. १९३६ मध्ये त्याच्या धर्मांतराची बातमी झाली आणि बाप-लेकातला दुरावा वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचला. वडिलांच्या हत्येनंतर काही महिन्यांतच, जून १९४८ मध्ये, मुंबईतल्या एका रुग्णालयात त्याचा शेवट झाला.

गेलेल्या माणसाचं निदान लांबून करू नये, तो माझा हेतूही नाही. पण एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. हरिलालबद्दल जे लिहिलं गेलं ते बहुतेक ‘बिघडलेला मुलगा’ म्हणून. तो स्वतः लहान मुलांचा बाप होता, तिशीत बायको गमावलेला माणूस होता, ही बाजू मागे पडली. दारू दिसते, तिच्याखालचं दुःख दिसत नाही. आजही माझ्यासमोर बसलेल्या माणसाबद्दल घरचे सांगतात, “पितो.” कधीपासून आणि कशानंतर, हे विचारल्यावर मात्र उत्तर यायला वेळ लागतो.

बायकांनी केलेलं निदान

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ या संस्थेमार्फत तिथे काम सुरू केलं. १९८७-८८ च्या सुमारास गावागावांत दारूचा प्रश्न बोलला जाऊ लागला. पुढची पाच-सहा वर्षं सभा, ठराव, मोर्चे चालले. शेकडो गावांनी दारूबंदीची मागणी केली. १९९३ साली गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. लोकांच्या चळवळीतून आलेली अशी जिल्हाबंदी राज्यात वेगळीच होती. शेजारच्या वर्ध्यात त्याआधीपासून बंदी होती, पण ती गांधी आणि विनोबांचा जिल्हा म्हणून.

मग मधे उरलेल्या चंद्रपूरचं काय? आपल्या मूल परिसरात काम करणारी श्रमिक एल्गार ही संघटना आणि तिच्या पारोमिता गोस्वामी यांच्या पुढाकारानं इथेही बायका उभ्या राहिल्या. डिसेंबर २०१० मध्ये हजारो बायका चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी गेल्या. थंडीचे दिवस होते. शेकडो ग्रामपंचायतींनी बंदीचे ठराव दिले. सरकारनं समिती नेमली. २०१५ च्या जानेवारीत निर्णय झाला आणि १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपुरात दारूबंदी आली. सहा वर्षांनी, मे २०२१ मध्ये, सरकारनं ती उठवली. अवैध विक्री, बनावट दारू, गुन्हेगारी आणि बुडणारा महसूल ही कारणं सांगितली गेली.

बंदी असावी की नसावी, यावर या लेखात मी मत देणार नाही. त्यावर आपल्या भागात चहाच्या टपरीपासून विधानसभेपर्यंत वाद झाले आहेत. मला त्या बायकांच्या बोलण्यातली वेगळी गोष्ट सांगायची आहे. त्या काय म्हणत होत्या? मजुरीचा पैसा घरी येत नाही. मारहाण होते. लेकरं उपाशी झोपतात, भितात, शाळेत जात नाहीत. म्हणजे पैसा, आईवरची हिंसा आणि मुलाच्या मनातली भीती. बापाच्या आजाराचं विष मुलापर्यंत कोणत्या वाटांनी पोचतं, याचा हा पूर्ण नकाशा आहे. नंतर जगभरच्या संशोधकांनी ज्या वाटा शोधल्या, त्या याच.

नवजात बाळ, आई आणि दाराबाहेरचा माणूस

गडचिरोलीत याच काळात दुसरं एक मोठं काम झालं. जन्मल्यावर पहिल्या महिन्यात बाळं फार मरत होती. ‘सर्च’नं १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच, थोडं शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण दिलं. त्यांना आरोग्यदूत म्हटलं गेलं. त्या बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करायच्या, ऊब द्यायला शिकवायच्या, जंतुसंसर्ग ओळखायच्या आणि गरज पडल्यास इंजेक्शनही द्यायच्या. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निकाल छापून आले. नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं होतं. २०११ पासून आशाताईंमार्फत घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा जो कार्यक्रम देशभर चालतो, त्याचं मूळ इथे आहे. आशाताई पहिल्या सहा आठवड्यांत सहा-सात वेळा घरी येते ना, ती गडचिरोलीच्या जंगलातून आलेली गोष्ट आहे.

आपल्या जिल्ह्यांनी देशाला दिलेली ही देणगी अभिमानाची आहे. आता याच भेटी पुढे कुठे न्यायला हव्यात ते पाहू. आशाताई घरात येते तेव्हा आई, आजी, आत्या समोर असतात. बाप बहुतेक वेळा बांधावर, गिरणीत, जंगलात किंवा मिरची तोडायला तेलंगणात गेलेला असतो. घरी असला तरी बाळंतपण म्हणजे बायकांचं काम, म्हणून तो अंगणात उभा. जीव वाचवण्याची पहिली लढाई त्याच्याशिवाय जिंकता आली. पण वाचलेलं मूल नीट वाढवण्याची दुसरी लढाई त्याच्याशिवाय अवघड आहे.

आकडे काय म्हणतात

पहिला पुरावा आपल्या शेजारच्या गोव्यातला. म्हापशाच्या रुग्णालयात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २७० मातांचा अभ्यास केला आणि २००२ साली तो छापला. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी त्यांतल्या २३ टक्के मातांना डिप्रेशन होतं. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याची नाराजी यांचा त्याच्याशी स्पष्ट संबंध दिसला. पुढच्या वर्षी त्यांनी याच बाळांचं वजन तपासलं. डिप्रेशन असलेल्या मातांच्या बाळांचं वजन सहा महिन्यांनी कमी असण्याची शक्यता दुपटीहून अधिक होती. नवऱ्याचं वागणं, बायकोचं मन, बाळाचं वजन अशी ही साखळी आहे. या लेखाचं शीर्षक तिथून आलं.

दुसरा पुरावा थेट बापांचा. इंग्लंडमधल्या एव्हन भागात १२ हजारांहून अधिक बापांची, बाळ आठ आठवड्यांचं असताना, डिप्रेशनसाठी तपासणी झाली होती. मुलं साडेतीन वर्षांची झाल्यावर पाहिलं गेलं. ज्यांचे बाप त्या सुरुवातीच्या काळात डिप्रेशनमध्ये होते, त्या मुलांत वागणुकीच्या आणि भावनिक अडचणी जास्त होत्या, मुलग्यांत विशेष. आईचं डिप्रेशन हिशेबात धरूनही हा फरक उरला. हे २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलं. २०१० मध्ये ४३ अभ्यास एकत्र करून असं दिसलं की गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीपासून बाळ वर्षाचं होईपर्यंतच्या काळात सुमारे १० टक्के बापांना डिप्रेशन येतं. बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना हे प्रमाण सगळ्यांत जास्त असतं. आणि बायकोला डिप्रेशन असेल तर नवऱ्यालाही असण्याची शक्यता वाढते.

तिसरा पुरावा बराच पुढचा परिणाम दाखवतो. अमेरिकेतल्या सॅन डिएगोमध्ये १७ हजारांहून अधिक मोठ्या माणसांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं गेलं. त्याचे पहिले निकाल १९९८ मध्ये आले. घरात व्यसन, मानसिक आजार, आईला होणारी मारहाण असे अनुभव जितके जास्त, तितकं पुढच्या आयुष्यात डिप्रेशन, व्यसन आणि हृदयविकाराचंही प्रमाण जास्त. म्हणजे आज पन्नाशीतल्या माणसाची बायपास होते, तिची एक मुळी कधीकधी त्याच्या पाचव्या वर्षातल्या रात्रींपर्यंत जाते.

हे शरीरात होतं कसं? लहान मूल सतत भीतीत राहिलं की त्याच्या शरीरात ताणाची हार्मोन्स वारंवार वाढतात. झोप, भूक, लक्ष, रोगप्रतिकारशक्ती सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो. मोठी माणसं म्हणतात, “त्याला काय समजते, लहान आहे.” समजत नाही हे खरं, पण शरीर नोंद ठेवतं.

आणि बापाचं शरीरही दगडाचं नाही. फिलिपिन्समधल्या सहाशेहून अधिक तरुणांचा पाठपुरावा करून २०११ मध्ये असं दिसलं की बाप झाल्यावर पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन हार्मोन घटतं, आणि जे बाप मुलांसाठी रोज जास्त वेळ देतात त्यांच्यात ते आणखी कमी आढळतं. निसर्गानं पुरुषालाही बाळाच्या जवळ जाण्यासाठी तयार केलं आहे. त्याला अंगणात उभं ठेवलं ते आपण.

उपचाराचा इतिहास: दोन मराठी वाटा, एक गोव्याची

बाप आजारी आहे असं मानलं की पुढचा प्रश्न उपचाराचा. इथेही आपल्याकडे चांगली उदाहरणं आहेत.

पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी देणगी दिली होती. व्यसनी माणसाला शिक्षा न करता रुग्ण म्हणून वागवायचं आणि घरच्यांनाही उपचारात घ्यायचं, ही तिथली रीत. अवचटांबद्दल अजून एक गोष्ट फार कमी बोलली जाते. सुनंदाताई मानसोपचारतज्ज्ञ म्हणून रुग्णालयात नोकरी करत होत्या, तेव्हा मुलींना वाढवण्याचं आणि घराचं बरंच काम अनिल अवचटांनी केलं. स्वतः एमबीबीएस असलेला पुरुष घरी राहून मुलींच्या वेण्या घालतो, हे त्या काळात लोकांना नवलाचं वाटायचं. आज मुक्तांगणचं काम त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर सांभाळते.

दुसरी वाट अमरावतीची. आत्महत्यांमुळे बदनाम झालेल्या त्या जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प चालला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी मनाच्या आजाराबद्दल बोलायला सुरुवात केली, समुपदेशन दिलं, गरज असेल त्याला डॉक्टरकडे पोचवलं. सुरुवातीला डिप्रेशन असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक उपचार घेत होते. दीड वर्षात ते प्रमाण २७.२ टक्के झालं. २०१७ मध्ये हे निकाल आले. लोक उपचार नाकारत नव्हते, उपचार त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता.

तिसरी वाट पुन्हा गोव्याची. प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, घातक प्रमाणात दारू पिणाऱ्या ३७७ पुरुषांपैकी निम्म्यांना साध्या प्रशिक्षित समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार भेटी दिल्या. तीन महिन्यांनी त्यांतले ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले, नेहमीच्या उपचारातले २६ टक्के. अजिबात न पिणाऱ्यांचं प्रमाण ४२ टक्के, तर दुसऱ्या गटात १८ टक्के. चार वेळा कुणीतरी नीट बसून बोललं, एवढ्यानं हा फरक.

आपल्या इतिहासात हेच कमी पडलं असं मला वाटतं. दुकान उघडं की बंद यावर आपण तीस वर्षं भांडलो. दुकानासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या मनाची तपासणी मात्र त्या प्रमाणात झाली नाही. कायदा दारू दूर नेऊ शकतो. ज्या कारणासाठी माणूस पितो, ते कारण कायद्याला दिसत नाही. धानाला भाव नाही, जंगलात मोहफुलं वेचायला गेलं तर वाघाची भीती, डोक्यावर बचत गटाचा आणि फायनान्सचा हप्ता, त्यात तान्हं बाळ रात्रभर रडतं. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या कार्यक्रमात गावसंघटना, बंदीची अंमलबजावणी आणि व्यसनींवर उपचार अशा तिन्ही गोष्टी एकत्र आणल्या गेल्या. दिशा ती योग्य आहे.

आता घरात काय करायचं?

पुरुषाचं डिप्रेशन नेहमी रडून दिसत नाही. तो चिडतो, घराबाहेर राहतो, कामात किंवा मोबाईलमध्ये डोकं घालतो, खर्रा आणि दारू वाढते. दवाखान्यात येतो ते वेगळ्याच तक्रारी घेऊन: अंग दुखते, छातीत धडधडते, गॅस होतो, झोप लागत नाही, अशक्तपणा आहे, “एक सलाईन लावून द्या.” तपासण्या नॉर्मल येतात. अशा वेळी दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, निराश वाटलं का? ज्या गोष्टीत आधी मजा यायची त्यात रस राहिला नाही का? एकाचंही उत्तर हो असेल तर डॉक्टरशी बोला.

दारूबाबत दोन धोके लक्षात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम दारू बंद केली तर दोन-चार दिवसांत हातपाय थरथरणं, झटके, भ्रम होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून सोडायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली. दुसरा धोका चोरून दिल्या जाणाऱ्या औषधाचा. डायसल्फिराम या औषधाचा दारू सोडवण्यासाठी वापर डेन्मार्कमध्ये १९४८ च्या सुमारास सुरू झाला. ते घेतलेला माणूस दारू प्यायला की चेहरा लाल होतो, धडधडते, रक्तदाब पडतो. माणसाला माहीत असून, त्याच्या संमतीनं, तपासण्या करून दिलं तर ते उपयोगी आहे. भाजीत किंवा चहात गुपचूप मिसळलं तर त्याचा जीव धोक्यात येतो. “यांना न सांगता देता येईल असं काही द्या,” म्हणणाऱ्या ताईंचं दुःख मला कळतं, पण उत्तर नाही असंच आहे. बाजारातल्या अनोळखी पुड्यांनाही हेच लागू.

आणि ज्या बापाला कोणताही आजार नाही त्यानं काय करावं? बाळाला उघड्या छातीशी धरावं. कमी वजनाच्या बाळांना असं धरण्याची कांगारू पद्धत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. ती बापालाही जमते, त्यासाठी दूध लागत नाही. रात्रीचा एक जागर बापानं घ्यावा, म्हणजे बायकोला सलग झोप मिळेल. बाळाशी बोलावं, गोंडीत, तेलुगूत, झाडीबोलीत, जी आपली भाषा असेल त्या भाषेत. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १९९७ पासून १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. आपल्या धान कापणाऱ्या मजुराला ती कुणी देणार नाही, पण संध्याकाळचा अर्धा तास त्याच्या हातात आहे.

मदत हवी असेल तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा सुरू आहे, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जीव द्यावासा वाटत असेल तर त्याच क्षणी फोन करा आणि घरच्या एकाला जवळ बसवा. मारहाण होत असेल तर महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथे जायला लाज बाळगू नका. साखर तपासायला जाता तसंच हे.

चिमूरहून नागपूरला चालत गेलेल्या बायका नवऱ्यांचा सूड घ्यायला निघाल्या नव्हत्या. त्यांना आपल्या लेकरांचा बाप परत हवा होता. तो परत आणण्याचं अर्धं काम आता आम्हा डॉक्टरांचं आहे, आणि त्याची सुरुवात अगदी साधी आहे. पुढच्या वेळी बाळाला लस द्यायला किंवा वजन करायला आणाल, तेव्हा बाबांनाही सोबत घेऊन या. खुर्ची त्यांच्यासाठीही ठेवलेली असेल.